सुमन, तुझ्या डाव्या अंगाला

सुमन, अशी जवळ ये. आणखी जवळ. लांबून हाका मारण्याएवढा दम आता माझ्यात नाही, आणि जे बोलायचंय ते सगळ्या आळीला ऐकवायचंही नाही. हितं बस, चुलीपुढं, अगदी माझ्या समोर. डावीकडं नको, समोर. का ते पुढं सांगते.

आधी तुला रागवून घेते, म्हणजे माझं पोट हलकं होईल. अशी जातात का गं? माझी पितळेची वाटी तशीच तुझ्याकडं ठेवून गेलीस. आमटीतल्या गुळाचं भांडण अर्धं टाकून गेलीस. आणि तुझा तो नवरा! औत धरायला वाघ, पण कुकरची शिट्टी वाजली की अंगणात पळतो. त्याला काहीएक न शिकवता निघालीस. धाकटी जाऊ तू, मी थोरली. माझ्या पुढं जायचं तुला कुणी सांगितलं होतं? लग्नात ओलांडायच्या मापट्यापासून सगळीकडं माझ्या मागनं आलीस, आणि हितंच तेवढी घाई केलीस.

झालं रागवून. आता खरं बोलते.

तुझं तेरावं झालं. पाहुणे गेले. तुझी लेक रेखा चार दिवस जास्त राहिली, मग तिलाही तिच्या घरी किकवीला जावंच लागलं, पोरांच्या शाळा आहेत. आता भिंतीच्या त्या बाजूला भाऊजी एकटे आणि ह्या बाजूला मी, आमचे हे गेल्यापासनं एकटीच. आणि मधे तुझं ते वाक्य. घर झाडते तर केरात सापडतं, तांदूळ निवडते तर सुपात सापडतं. "ही आपल्या घरातली न्हाई. हिला बाहेर काढा." तू मला शेवटचं बोललीस ते हे. मोठ्यानं, सगळ्यांच्या देखत, माझ्या हातात तुझा हात असताना. त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस आणि तू होतीस तोवर मी तुझ्या घरात पाऊल टाकलं नाही.

मला एवढंच समजून घ्यायचंय सुमन. ते कोण बोललं? तू, की तुझ्या डोक्यातली गाठ?

गाठ बोलली म्हणावं तर मन लगेच मागं जातं. कारण हेच वाक्य तू आधी एकदा बोलली होतीस, आणि तेव्हा तुला शिंकसुद्धा आलेली नव्हती.

आठवतंय ना? वाटणी झाली, एका घराची दोन झाली, मधोमध भिंत घातली. गवंड्यानं परांचीचा बांबू भिंतीत खुपसला होता, काम संपल्यावर बांबू काढला आणि भोक बुजवायचं विसरला. छातीएवढ्या उंचीला, हात जाईल एवढं. आपण दोघींनी कोयत्यानं खरवडून ते रुंद केलं आणि त्याला दिवळी म्हणायला लागलो. दिवळीत दिवा ठेवतात. आपल्या दिवळीतनं आमटी जायची, विरजण जायचं, काडेपेटी जायची, पुढं मोबाईलचा चार्जर जायला लागला. वाटी ठेवली की भिंतीवर दोनदा टकटक करायची, म्हणजे पलीकडच्या बाईनं उचलायची. नवऱ्यांच्या वाटण्या झाल्या होत्या, आपल्या कुठं झाल्या होत्या?

मग म्हशीनं घात केला. म्हैस माझ्या वाट्याला आली आणि तिला हात लागायचा तुझा. मला बघितलं की लाथ. तू लांबून हसायचीस. एक दिवस मी चिडून म्हणाले, "तूच शिकवलंयस तिला." झालं! तू तणतणत घरात गेलीस, दिवळीत चिंध्या कोंबल्यास, वरून शेणमाती लिंपलीस. आणि रेखा तेव्हा लहान, तिला ओरडून सांगितलंस, मला ऐकू यावं म्हणूनच, "तुज्या आक्काला घरात घ्यायचं न्हाई. ती आपल्या घरातली न्हाई."

एक अख्खा पावसाळा ती दिवळी बंद होती. मग एका सकाळी मी परातीत पीठ घेऊन बसले होते, तर भिंतीतनं ढेकळं पडायला लागली. शेवटी चिंध्यांचा बोळा थेट माझ्या पिठात पडला आणि त्याच्या मागनं तुझा बांगड्यांचा हात आला, वालाच्या आमटीची वाटी घेऊन. माफी नाही, काही नाही. "गूळ घातलाय. खाऊन बघ अन् मग भांड," म्हणालीस. मी खाल्ली. आणि भांडले. वालाच्या आमटीत गूळ घालतात का कुठं? "आमच्या आंबवड्याला घालत्यात," हे तुझं ठरलेलं. "आमच्या शिवऱ्याला असल्या आमटीला पाक म्हणत्यात," हे माझं. ह्या एका गुळावर आपली अर्धी जिंदगानी गेली. पण दिवळी परत बुजली नाही.

परत बुजली नाही असं मला वाटत होतं.

तुझं पोट फुगायला लागलं तेव्हा तू बायकांना सांगत सुटलीस, "ह्या वयात दिस गेलं म्हंजी गावजेवण घालावं लागंल." सगळ्या हसल्या. पुण्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. अंडाशयाचा कॅन्सर. पोटाचं ऑपरेशन झालं, सलाईनमधली औषधं झाली, तुझे केस गेले. भाऊजींनी तुझ्या डोक्यावरनं हात फिरवून म्हटलं होतं, "आता खरी काशी करून आल्यागत दिसतीस," आणि तू त्यांना उशी फेकून मारलीस. केस परत आले, कुरळे आले. वर्षभरानं गाठही परत आली, पोटातच. तेव्हा त्या बाईंनी गोळ्या लिहून दिल्या. रोज एक, साधीच दिसणारी.

मला लिहितावाचता येतं म्हणून तुझ्याबरोबर मीच असायचे. येतं म्हणजे काय, रेखाच्या अंकलिपीवरनं शिकलेलं. ती दिवळीच्या त्या बाजूला मोठ्यानं घोकायची आणि मी ह्या बाजूला जमिनीवर राखेत गिरवायचे. तर मी त्या बाईंना विचारलं, "बाई, एवढीशी गोळी गाठीला काय करणार?"

त्यांनी आपल्याला बसवून घेतलं. माणूस चांगला. म्हणाल्या, "आजी, बाईच्या अंगात हार्मोन असतात, तुम्हाला माहीत आहे. पाळी त्यांच्यामुळं येते, जाते. ते रक्तातून फिरतात. यांच्या गाठीतल्या पेशींवर हार्मोनला धरून घेणारी जागा आहे. तिला रिसेप्टर म्हणतात. हार्मोन तिथं येऊन बसलं की पेशीला वाढायचा निरोप मिळतो. ही गोळी त्या जागेवर आधीच जाऊन बसते. मग हार्मोनला जागाच राहत नाही."

मी म्हणाले, "म्हणजे दिवळी."

त्यांना आपली दिवळी कुठली माहीत. मी सगळं सांगितलं, वाटी, आमटी, चिंध्यांचा बोळा. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बरोबर. गोळी म्हणजे तो बोळा. गाठीला वाटी मिळत नाही."

परत येताना एसटीत तू खिडकीशी बसली होतीस. नसरापूर मागं पडलं, आणि माझ्या दंडाला कोपर मारून म्हणालीस, "म्हंजी माज्या पोटातबी तूच हाईस व्हय गं, आक्का? वाटी घिऊन उभी?"

मी म्हणाले, "मग! उपाशी कशी ठेवीन?"

"आता ठेव," म्हणालीस. "आता ठेव बया उपाशी."

आणि गोळीनं गुण दिला. लई गुण दिला. पोट ओसरलं, रक्ताचे रिपोर्ट चांगले यायला लागले. तुला भूक लागायला लागली, भांडायचा जोर आला. आम्ही सगळी पोटाकडंच बघत बसलो. आजार पोटात आहे, पोट बरं आहे, म्हणजे सुमन बरी आहे. डोक्याकडं बघायचं कुणाला सुचेल?

गेल्या लावणीची गोष्ट सांगते, ती तुला आठवायची नाही. वरच्या खाचरात आपण बायका ओळीनं वाकलो होतो, मागं मागं सरत रोप लावत होतो. तुझी लावणी म्हणजे दोरी धरल्यासारखी, गावात नाव होतं. त्या दिवशी तुझ्या पुढं बघते तर उजवीकडं रोप दाट आणि डाव्या हाताची पट्टी कोरी. चिखल नुसता चमकत होता. पाटलांच्या आळीतली शालन म्हणाली, "सुमनकाकू, रानाला भांग पाडलाय का काय?"

तू मान वर न करता म्हणालीस, "व्हय. आता त्याल लाव अन् यिणी घाल." सगळ्यांची हसून पुरेवाट झाली. तूही हसलीस. मग हळूच मला म्हणालीस, "आक्का, तू माज्या डाव्या अंगाला ऱ्हा गं."

मला वाटलं, तुला शालनची काहीतरी कुचाळकी सांगायचीय. मी तुझ्या डाव्या अंगाला आले आणि तुझी राहिलेली पट्टी लावत गेले. तू काही सांगितलं नाहीस. नुसती लावत राहिलीस. त्या दिवसापासनं सगळीकडं मी तुझ्या डावीकडं. बांधावरनं चालताना डावीकडं, बाजारात डावीकडं, पंगतीत डावीकडं. तुलाही बरं वाटायचं, मलाही. का बरं वाटतं ते दोघींनी एकमेकींना विचारलं नाही.

पुढं तू दाराच्या डाव्या चौकटीवर खांदा आपटायला लागलीस. ताटातली उजवीकडची भाजी संपायची, डावीकडची तशीच. अर्धी भाकरी नेमकी खाल्लेली, अर्धी जागच्या जागी, आणि वर मला दिवळीतनं ओरडायचीस, "आक्का, तुज्या दिराला सांग, मला अर्धीच भाकरी वाडतुया!" भाऊजी तुला ताट फिरवून दाखवायचे. ताट फिरवलं की तुला उरलेली भाकरी दिसायची, आणि तू त्यांच्याकडं असं बघायचीस जसं काही त्यांनी गारुड्याचा खेळ केला.

डोकं दुखायला लागलं, सकाळी उलट्या. मग पुणे. डोक्याचा फोटो. गाठ होती, डोक्यात उजवीकडं. डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून मला दाखवलं. उजवीकडची गाठ माणसाची डावी बाजू पुसते म्हणाल्या. डोळा चांगला असतो, पण मनाला डावीकडं जग आहे हेच उमगत नाही.

डोक्याचं ऑपरेशन झालं. जेवढी निघाली तेवढी काढली. मी म्हणाले, "बाई, पोटाला गोळी लागू पडली. तीच डोक्याला वाढवून द्या की." त्यांनी चष्मा काढला. चष्मा काढला की वाईट बोलणार, हे मला एव्हाना कळलं होतं.

"आजी, डोक्यातून काढलेली गाठ आम्ही तपासली. तिच्या पेशींवर ते रिसेप्टर सापडले नाहीत."

"म्हणजे दिवळी नाही?"

"नाही. मूळ गाठीवर होते, हिच्यावर नाहीत."

"मग ही जगते कशावर? तिला वाटी कोण देतं?"

"तिला ती वाटी लागतच नाही. ती दुसऱ्या कशावर तरी वाढायला शिकली. मेंदूत पोचलेल्या गाठींमध्ये असं कधी कधी दिसतं. प्रत्येकीच्या बाबतीत असंच होतं असं नाही. का होतं, आधी दिवळी जाते आणि मग गाठ मेंदूत शिरते, की तिथं गेल्यावर जाते, हे आम्हालाही अजून नीट कळलेलं नाही. शोध चालू आहेत."

सुमन, तिथं त्या खुर्चीत बसून मला जी थंडी वाजली ती अजून गेलेली नाही. तुझ्याच अंगातनं निघालेली, तुझ्याच रक्तामांसाची गाठ, आणि तिनं दिवळी लिंपून टाकली होती. मला कुणाचं काही नको, माझ्याकडं कुणी यायचं नाही. मला तुझा तो पावसाळा आठवला. शेणमातीनं बरबटलेले तुझे हात आठवले. आणि असं वाटलं, ही गाठ तुझीच शोभते गं.

हे मी तुझ्या तोंडावर कधी बोलले नसते. आता बोलते. तू रागवायला ये.

डोक्याला शेक दिला, लाईट देतात तो. तू घरी आलीस. भाऊजींनी खाट भिंतीला लावली, दिवळीच्या खाली, मुद्दाम. म्हणाले, "वैनी, तुमी तिकडनं बोलत ऱ्हावा, तिला बरं वाटंल." आता खाट अशी टाकली की भिंत तुझ्या डाव्या अंगाला आली. कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्यासुद्धा नाही, जिला बाईंनी डोक्यावर हात ठेवून दाखवलं होतं. आम्हाला वाटलं, दिवळी जवळ आली म्हणजे आक्का जवळ आली. मी दिवळीतनं बोलायचे आणि तू दचकून उजवीकडं बघायचीस, दाराकडं. तिथं कुणी नसायचं. मी आत यायचे, सवयीनं तुझ्या डावीकडं बसायचे, भिंत आणि खाट यांच्या मधल्या फटीत, अंग चोरून. तुझा डावा हात आता उचलत नव्हता. तो मी मांडीवर घ्यायचे, तेल लावायचे. त्याच्यावरचं गोंदण बघायचे. आपल्या दोघींना सासूबाईंनी एकाच जत्रेत एकाच गोंदणारणीपुढं बसवलं होतं. तुझी तुळस सरळ आली, मी हात ओढला म्हणून माझी वाकडी.

आणि त्या दुपारी तू एकदम किंचाळलीस. आधी मान उजवीकडं, मग हळूहळू खाली, तेल लावता लावता मी तुझ्या पोटावर ठेवलेल्या त्या हाताकडं. "ही कोन? ही आपल्या घरातली न्हाई. हिला बाहेर काढा! हिला घरात कुनी घेतलं?"

रेखा धावत आली. भाऊजी आले. त्यांच्या देखत परत तेच म्हणालीस. मी उठले. भाऊजी मला ओट्यावर म्हणाले, "वैनी, दोन दीस नका येऊ. लई भ्याली ती." मी म्हणाले बरं. मी मानानं रुसले नाही सुमन, हे मात्र खरं मान. म्हशीच्या वेळी रुसले होते. ह्या वेळी तू भ्यालीस म्हणून आले नाही. माझ्या येण्यानं तुझा जीव असा होत असेल, तर मी भिंतीच्या ह्या बाजूला बरी. दोन दिवसांचे पुढं किती झाले ते मोजायला बसले नाही.

मी दिवळीशी बसून राहायचे. बोलायचे नाही. तुझा श्वास ऐकायचे. वाटी ठेवायचे, टकटक न करता. रेखा न्यायची. दुपारचं घर सामसूम झालं की तू हळू आवाजात कुणाशी तरी बोलायचीस. रेखा न्हाणीत, भाऊजी रानात, आणि तू बोलतेयस. लाडानं, समजूत काढल्यासारखी. शब्द कळायचे नाहीत. माझ्या अंगावर काटा यायचा. कोण बसलंय तुझ्याजवळ? मी सोडून कुणाला घरात घेतलंस?

आणि एका पहाटे तुझा श्वासही थांबला.

आता परवाची गोष्ट. मी चहा टाकला होता. घरात कुणी नाही, बाहेर कुणी नाही, आणि भिंतीवर आवाज आला. टक, टक. दोनदा. हातातली गाळणी खाली पडली. चहा उतू गेला, चूल फसफसली, मी जागची हलले नाही. तोंडातनं नुसतं "सुमन" आलं.

दिवळीतनं हात आला. केसाळ, मातीचा, आणि त्यात माझी पितळेची वाटी.

"वैनी," भाऊजींचा आवाज, "चा मिळंल का? आमची साखर कुटं ठेवलीय ती घावंना."

मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम, आणि मी त्यांना म्हणाले, "दाराला काय झालंय? दारानं या की."

"ती दारानं कवा मागायची?" म्हणाले. "म्हनलं, तिच्यागत करून बगावं."

मी वाटीत चहा ओतला. ते भिंतीच्या त्या बाजूला, मी ह्या बाजूला. माणसाच्या तोंडाकडं बघायचं नसलं की बोलता येतं. म्हणून मी विचारलं. "भाऊजी, तिनं मला बाहेर का काढलं?"

फुर्र फुर्र चहा पिण्याचा आवाज. मग म्हणाले, "तुमाला? तुमाला कुटं काडलं?"

"त्या दिवशी. सगळ्यांच्या देखत."

"अवो वैनी, ती हाताला म्हनत हुती. तिच्या सोताच्या हाताला. डाव्या."

मी उतू गेलेला चहा पुसायला लागले.

"तुमी न्हाई आलात तरीबी तिचं तेच चालू हुतं. म्हनायची, माज्या अंतरुनात कोन बाई यिऊन निजलीय, हिला बाहेर काडा. म्या म्हनलं, अगं खुळे, तुजा हात हाय त्यो. तर म्हनली, माजे हात माज्याजवळ हाईत, ह्यो कुनाचा? म्या त्यो हात उचलून तिच्या डोळ्याम्होरं, उजवीकडं धरला. लई येळ बगितलं तिनं. गोंदनावरनं बोट फिरिवलं. अन् म्हनली, आत्ता! ही तर आक्का हाय."

"काय म्हणाली?"

"आक्का हाय म्हनली. आक्काचा हात हाय, तुळस हाय बगा. मंग न्हाई वरडली परत. दुपारची त्या हाताला गोंजारत बसायची. बोलायची त्याच्यासंगं. भाकरीचा तुकडा त्याच्या तळव्यावर ठिवायची, म्हनायची, खा गं, माज्यापाई उपाशी ऱ्हायलीस. शेवटच्या पहाटंला त्योच हात छातीशी धरला हुता. म्या सोडवाया गेलो तर म्हनली, असू द्या. आक्का हाय संगं."

त्यांनी वाटी दिवळीत ठेवली. रिकामी. "म्या सांगनार हुतो तुमाला," म्हणाले. "पन रडू यील म्हनून ऱ्हायलं."

रेखाला मी मोबाईलवरनं सांगितलं, तिनं त्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, त्या जागी गाठ असली की असं होऊ शकतं, स्वतःचा डावा हात परका वाटतो, दुसऱ्याचा वाटतो. पण दुसऱ्या कुणाचा, हे गाठ ठरवते की माणूस, ते मात्र त्यांनाही सांगता आलं नाही.

तर असं आहे सुमन. भाऊजींचं खरं धरलं तर तू मला बाहेर काढलंच नाहीस. तू तुझ्याच हाताला बाहेर काढलंस, आणि मग त्याला माझं नाव देऊन परत घरात घेतलंस. आणि मी वेडी भिंतीला कान लावून भीत होते, की हिच्याजवळ कोण बसलंय. मीच बसले होते.

पण मन पुरतं निवत नाही गं. त्या दुपारी तुझा हात माझ्या हातात होता. तू खाली बघितलंस तेव्हा तिथं दोन हात होते, दोन तुळशी, एक सरळ आणि एक वाकडी. तू कुठल्या तुळशीला भ्यालीस? तुला माझी दिसली असती तर तू ओळखली असतीस, असं मी स्वतःला सांगते. मग म्हणते, डावीकडं बसलेली बाई तुला दिसणार कशी? दिवसातनं कितीदा तरी ह्याच ठिकाणी येऊन अडते. भाऊजींना ह्याच्यापुढचं माहीत नाही. बाईंना माहीत नाही. तुला एकटीलाच माहीत आहे.

म्हणून तुला बोलावलंय.

रोप वाफ्यात चांगलं उतरलंय, बोटभर झालंय. लावणीला शालनच्या ओळीत मी वाकेन तेव्हा माझ्या उजव्या अंगाला एका बाईची जागा मोकळी सोडेन. बायका म्हणतील, आक्का, रानाला भांग पाडला का. म्हणू देत.

आणि एक सांगायचं राहिलं. काल परत भिंतीवर दोनदा वाजलं. मी चहाची वाटी भरून दिवळीत ठेवली आणि हाक मारली, "भाऊजी, घ्या." वाटी तशीच राहिली. चहाला साय धरली. मग अंगणात बघते तर भाऊजी खांद्यावर कुदळ टाकून वेशीकडनं येत होते. सकाळपासनं रानात होते म्हणाले. मी त्यांना काही बोलले नाही. चहा ओतून टाकला नाही. झाकून ठेवला.

आज वालाची आमटी केलीय. गूळ घातलाय. होय, मी घातलाय, हसू नको. पितळेची वाटी घासून चिंचेनं लख्ख केलीय आणि दिवळीत ठेवलीय. दारही उघडं आहे. माझ्या घरातनं तुला कुणी कधी बाहेर काढणार नाही, तू कुणाच्याही हाताचं रूप घेऊन आलीस तरी. मी आता डावीकडं बसत नाही, चुलीपुढं समोरच बसते, म्हणजे आल्या आल्या दिसेन तुला. आमटी निवायच्या आत ये. खाऊन बघ आणि मग भांड.